‘बोहेमियन रॅप्सडी’च्या वर कोण?

रॉक संगीतातल्या बहुतेक मोठ्या बँडमध्ये गाणी रचणारे एक किंवा दोघे, बाकीचे साथीला. लंडनमध्ये १९७० साली उभ्या राहिलेल्या ‘क्वीन’चं तसं नव्हतं. गायक आणि पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे, ड्रमर रॉजर टेलर आणि वर्षभराने येऊन मिळालेला बेसवादक जॉन डीकन, या चौघांनीही रचलेली गाणी जगभर गाजली. २००३ साली अमेरिकेतल्या ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’ने चौघांनाही एकदमच मान दिला. म्हणून क्वीनच्या उत्तम गाण्यांचा क्रम लावायला बसलं की पहिलं भांडण फूटपट्टीवरूनच होतं. ऑपेरा आणि डिस्को एका पट्टीने मोजायचे कसे?

आमच्या घरात या भांडणाचे दोन पक्ष ठरलेले आहेत. मोठे काका यंत्रांच्या डिझाइनचं काम करून निवृत्त झाले. त्यांच्या लेखी गाणं म्हणजे रेकॉर्ड; दिवा मालवून, मध्ये न बोलता, दोन्ही बाजू ऐकायची वस्तू. माझी चुलत बहीण सई नाटकांना आणि मैफलींना साउंड करते. तिच्या मते गाणं खरं कळतं ते माणसांसमोर उभं राहिल्यावर. क्वीनवर दोघांचाही जीव आहे, त्यामुळे कुणीच माघार घेत नाही. परवा दोघं पुन्हा जुंपले तेव्हा मी वही घेऊन बसले.

काका : पहिल्या नंबराची चर्चा नकोच. तो ‘बोहेमियन रॅप्सडी’चा. दुसऱ्यापासून बोल.

सई : मी पहिल्यापासूनच बोलणार. जे गाणं त्या चौघांना स्वतःला स्टेजवर सलग सादर करता आलं नाही, ते पहिलं कसं?

काका : करता आलं नाही म्हणजे?

सई : मधला ऑपेराचा भाग. आधी आधी तो गाळूनच टाकायचे. पुढे असं करायला लागले, की तो भाग आला की चौघं विंगेत, टेप सुरू, दिव्यांचा खेळ. आणि गिटारचा दणका सुरू झाला की परत स्टेजवर. १३ जुलै १९८५ ला वेम्ब्ली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ची मैफल झाली, सगळं जग टीव्हीपुढे बसलेलं. तिथेसुद्धा पहिला संथ भाग झाला आणि ऑपेराच्या उंबरठ्यावरून ते सरळ ‘रेडिओ गा गा’कडे वळले.

काका : याला मी उणीव मानतच नाही. ते गाणं स्टेजसाठी बांधलेलंच नाही, टेपवर बांधलंय. १९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं. टेपवर ट्रॅक चोवीस. गाणारे तिघंच. खालचे सूर मे, मधले मर्क्युरी, आणि अगदी वरचे, ऐकताना बाईचा आवाज वाटावा असे, टेलर. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास तीच ओळ पुन्हा पुन्हा गायची आणि एकावर एक चढवायची. ट्रॅक भरले की सगळे मिसळून एकावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की वरचा थर झिजला आणि उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसायला लागलं. आज तुझ्या लॅपटॉपवर तू शंभर ट्रॅक उघडशील. त्यांना नवा थर चढवताना जुना थोडा खराब होतोय हे दिसत होतं, तरी ते थांबले नाहीत.

सई : मेहनत मान्य. पण मेहनतीचे मार्क गाण्याला कसे द्यायचे?

काका : मेहनतीचे नव्हे, बांधणीचे देतोय. तो पियानो ऐक. मर्क्युरीचा डावा हात उजव्यावरून पलीकडे जातो, वरचे सूर टेकवतो आणि मागे येतो. एवढीशी जागा आहे, पण सगळा संथ भाग तिच्यावर झुलतो. मग मेचा सोलो. त्याने गायलेली चाल गिटारवर गिरवली नाही, त्याच कॉर्ड्सवर दुसरी चाल रचली. म्हणून तो सोलो मधला विसावा वाटत नाही, गाणं पुढे सरकतं. मग ऑपेरा, मग रॉक, मग उतरत उतरत शेवटची शांतता आणि टेलरच्या घंटेचा एक ठोका. ५ मिनिटं ५५ सेकंदांत पुन्हा पुन्हा येणारं धृपद कुठेच नाही. तरी लहान पोरांनासुद्धा सगळं पाठ असतं. याच्या वर काय ठेवशील?

रेकॉर्ड कंपनीला हे गाणं रेडिओसाठी फार लांब वाटत होतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटने ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवलं, आणि मग ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मर्क्युरीच्या निधनानंतर १९९१ मध्ये पुन्हा निघालं, तेव्हाही पहिलंच. काकांनी हा पुरावा काढलाच.

सई : खपाचा पुरावा आणू नका, काका. त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरचं ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ होतं. मागच्या बाजूलाही रॉयल्टी पुढच्या बाजूइतकीच. ज्याने ‘रॅप्सडी’ घेतलं त्याने ते मोटारीचं गाणंही घेतलं. खपावर क्रम लावायचा तर दोन्ही एकाच पाटावर बसवावी लागतील!

काका : आणि त्याच पैशांवरून त्यांच्यात धुसफूस झाली. शेवटी १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून ठरवलं, की गाणं कुणीही आणो, खाली नाव चौघांचं.

सई : हाच माझा मुद्दा आहे. क्वीनचा क्रम लावायचा तर चौघं एकत्र कुठे सगळ्यात चांगले आहेत ते पाहायचं. माझ्या मते ते ‘समबडी टू लव्ह’मध्ये.

काका : उत्तम गाणं आहे. पण ‘रॅप्सडी’चं धाकटं भावंड. तेच तिघं, तीच थरांवर थर चढवायची युक्ती, एक वर्ष उशिरा.

सई : युक्ती तीच, पण काम दुसरं. १९७५ मध्ये ते आवाज नाटकातल्या पात्रांसारखे होते, एक बोलतो, दुसरा उत्तर देतो. १९७६ मध्ये मर्क्युरीच्या डोक्यात अरेथा फ्रँकलिन होती, अमेरिकेतल्या चर्चमधलं गॉस्पेल होतं. तिथे एक माणूस उभा राहून आपलं गाऱ्हाणं मांडतो आणि मागचा जमाव त्याला धरून ठेवतो. आपल्याकडे कीर्तनात बुवा एक ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलतात, तसंच. सहा मात्रांची चाल आहे, दादऱ्यासारखी डुलणारी. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास एक जागा आहे. पियानो, गिटार सगळं बाजूला होतं. खाली एकच ओळ दबक्या आवाजात सुरू होते. तीच पुन्हा, थोडी वर. पुन्हा, आणखी आवाज घेऊन. बघता बघता शंभर माणसं गातायत असं वाटतं. आणि आहेत किती? तीन.

काका : ते मी हेडफोन लावून ऐकलंय. तिथे कोण कुठला सूर घेतोय ते सुटं करता येत नाही.

सई : आणि स्टेजवर ते करता येतं! १९८१ ची मॉन्ट्रियलची मैफल चित्रित केलेली आहे, ती पाहा. मागे टेप नाही. मर्क्युरी पियानोवर, मे आणि टेलर आपापल्या माइकवर. शंभरांचे तीन झाले, तर दुसरा कुणी गडबडला असता. मर्क्युरीने काय केलं? जिथे रेकॉर्डवर जमाव आहे, तिथे त्याने स्वतःची चालच बदलली. सूर लांबवले, शब्द मागे ओढले, मोकळी पडलेली जागा एकट्याने भरून काढली. मी रोज साउंड करते म्हणून सांगते, मागचा आधार काढून घेतल्यावर ज्या गाण्याचा सांगाडा ताठ उभा राहतो, ते पक्कं गाणं.

इथे काका थोडा वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी १९७६ ची रेकॉर्ड लावली. ती संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

काका : बरं. पण तुझी स्टेजची कसोटी सगळ्यांना लाव. मग ‘वी विल रॉक यू’ला पहिला नंबर द्यावा लागेल.

सई : पहिल्या पाचांत नक्की देईन. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या बिंगली हॉलला त्यांचा कार्यक्रम संपला, तरी लोक जाईनात. फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते गाणं लोकच म्हणायला लागले. मेने त्यावर विचार केला, की दाटीत उभा असलेला माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो, ओरडू शकतो. या तिन्हींवर त्याने गाणं रचलं. ड्रम नाहीत, बेस नाही, गिटार अगदी शेवटी.

काका : त्याच्या ध्वनिमुद्रणाला मात्र मी सलाम करतो. तो मे काही साधा गिटारवाला नव्हे. खगोलशास्त्रात डॉक्टरेट करता करता बँडसाठी ती सोडली आणि २००७ मध्ये इम्पीरियल कॉलेजातून पुरी केली, सूर्यमालेतल्या धुळीवर. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत त्यांना जुन्या फळ्या सापडल्या, त्यांवर पाय आपटले. मग त्या आवाजाच्या नकला वेगवेगळ्या अंतराने मागे टाकल्या. अंतरं अशी निवडली की एकीचा दुसरीशी मेळ बसू नये. तसा मेळ बसला असता तर प्रतिध्वनी ऐकू आला असता. बसला नाही, म्हणून गर्दी ऐकू येते. चार माणसांचं मैदान केलं!

सई : मग पहिल्या पाचांत द्या ना.

काका : नाही देणार. घरी एकटा बसून मी ते दोनदा ऐकत नाही. त्यापेक्षा मी ‘३९’ घेईन.

‘३९’ हे ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’ या अल्बमवरचं मेचं गाणं. वाटतं साधं, जुन्या खलाश्यांच्या गाण्यासारखं. पण ही माणसं निघालीत अवकाशात. त्यांचं वर्ष होतं तेवढ्यात पृथ्वीवर शंभर वर्षं उलटतात, आणि परत येतात तेव्हा ओळखीचं कुणी उरलेलं नाही. आइन्स्टाइनचा सिद्धांत कोळून प्यायलेल्या माणसाने त्यातलं विज्ञान एका शब्दानेही समजावलेलं नाही, फक्त घरी परतल्यावरचं दुःख सांगितलंय. मेने गंमत म्हणून डीकनला सांगितलं, यात उभा डबल बेस वाजव. डीकन तो शिकूनच आला. या गाण्यावर दोघांचं एकमत आहे, म्हणून त्यावर पुढे वाद झाला नाही. ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’चंही असंच उरकलं. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत पोचलेलं हे गाणं आज लोकांच्या याद्यांत अगदी वर असतं. काकांना त्यात मेची गिटार कमी पडते, सईला मर्क्युरीचा पियानो पुरतो.

खरी ठिणगी पडली डीकनवरून.

काका : ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ चांगलं असेल. पण त्यात क्वीन कुठे आहे? तिघांचे आवाज कुठे? मेची गिटार कुठे? तू म्हणालीस चौघं एकत्र हवेत. इथे डीकनने बेस वाजवला, बरीचशी गिटारही त्यानेच वाजवली. न्यूयॉर्कच्या ‘शीक’ या बँडची डिस्को गाणी त्याच्या कानात होती, हे बेस ऐकताच कळतं.

सई : त्या बँडमध्ये डीकन सगळ्यांत कमी बोलणारा. तो गातही नसे. आणि त्याने जे आणलं ते इतर तिघांना आधी पचलं नाही. टेलरला आपल्या ड्रमचा तो कोरडा, दाबलेला आवाज आवडला नव्हता. मायकेल जॅक्सनने सांगितलं, हे सिंगल म्हणून काढा. १९८० मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिलं. काका, आवाज भरपूर चढवता येतात म्हणून चढवलेच पाहिजेत का? इथे प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये हवा आहे. मर्क्युरी त्या हवेत गातो, अगदी घसा खरवडून. मला यातून साउंडचा धडा मिळतो.

काका : धड्यासाठी दहात घे. माझ्या दहात नाही.

सई : मग ‘अंडर प्रेशर’? तिथेही बेसच पुढे आहे.

काका : ते आहे. पण ते क्वीन आणि डेव्हिड बोवी असं पाच जणांचं. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये सगळे भेटले, वाजवता वाजवता झालं. मर्क्युरीचा आवाज आणि बोवीचा आवाज एकमेकांना जागा देत नाहीत, धक्के मारत जातात, आणि तेच त्याचं सौंदर्य. सातवं ठेव.

यानंतर सईने एक प्रश्न विचारला, जो मराठी माणसाने क्वीनबद्दल बोलताना टाळू नये.

सई : फ्रेडी पाचगणीचा, म्हणून तुम्ही थोडे जास्त मार्क देता का?

काका : एकही नाही. पाचगणीचा म्हणायचं कशाला? फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म १९४६ चा झांझिबारचा. शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवला. पियानो तिथे शिकला, पोरांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला त्यात वाजवायचा. नंतर इंग्लंड. त्याच्या गाण्यात पाचगणी शोधत बसू नये. बोटं मात्र तिथे तयार झाली, तेवढं खरं आहे आणि तेवढंच सांगावं.

मला काकांचं हे म्हणणं फार पटतं. आपल्याकडे फ्रेडीवर लिहिताना पाचगणीच्या टेबललँडपासून सुरुवात करायची आणि गाण्यापर्यंत पोचायचंच नाही, असं होतं. त्याने माणसाचाही मान राहत नाही, गाण्याचाही नाही.

सई : ‘लव्ह ऑफ माय लाइफ’?

काका : रेकॉर्डवरचं. पियानो, आणि मेने हार्प वाजवलीय. तिची तार सारखी उतरायची, म्हणून एकेक कॉर्ड जुळवून मुद्रित केली म्हणतात. ऐकताना एकसंध धार वाटते.

सई : मला स्टेजवरचं. फक्त बारा तारांची गिटार घेऊन मे बसतो आणि मर्क्युरी उभा. १९८१ मध्ये साओ पाउलोच्या मोरुम्बी स्टेडियमवर लाखाच्या वर माणसं होती. बहुतेकांची भाषा पोर्तुगीज. ती इंग्लिश गाणं शब्दन् शब्द म्हणतायत. मर्क्युरी मध्येच थांबतो आणि ऐकत राहतो. काका, रचणारा ऐकायला लागला, गाणं दुसऱ्यांचं झालं. रेकॉर्डमध्ये हे कसं येईल?

काका : मग ‘द शो मस्ट गो ऑन’चं काय करशील? क्वीनची मर्क्युरीसह शेवटची मैफल ९ ऑगस्ट १९८६ ची, नेबवर्थला. हे गाणं त्यानंतरचं. त्याने ते स्टेजवर एकदाही म्हटलं नाही. तुझ्या कसोटीत ते बसतच नाही, आणि मी ते दुसरं ठेवतो.

सई : तुम्ही गाण्याला मार्क देताय की मरणाला? ते १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये सिंगल म्हणून निघालं आणि २४ नोव्हेंबरला तो गेला. ते माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा. तो दुसरं ठेवेल?

काका : गळ्याला देतोय. मेने चाल बांधली तेव्हा वरच्या जागा त्याने स्वतः खोट्या आवाजात गाऊन दाखवल्या होत्या. मर्क्युरीला तेव्हा नीट चालताही येत नव्हतं. याला हे झेपेल का, असं मेला वाटत होतं. मर्क्युरीने व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं, खऱ्या आवाजात. तू त्याचा आजार विसर, नाव विसर. शेवटच्या भागात चाल पायरी पायरीने चढते तिथे फक्त आवाज ऐक. कुठे ओढाताण आहे का? सूर हलतो का? गाणाऱ्याला किती श्वास उरलाय हे तुला कळतं का? नाही ना. म्हणून दुसरं.

सई : १९९७ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये एल्टन जॉनने ते म्हटलं, डीकन साथीला होता. त्यानंतर डीकन या बँडबरोबर स्टेजवर दिसला नाही. मला ते ऐकून वाटलं, हे गाणं दुसऱ्याचं होऊ शकत नाही. ‘समबडी टू लव्ह’ मात्र होतं. १९९२ मध्ये वेम्ब्लीवर जॉर्ज मायकेलने गायलं, मागे खरा गॉस्पेलचा समूह होता, आणि त्या मुद्रणाने पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

काका : दुसऱ्याचं न होणं हा गुण नाही का?

सई : गुण आहे. पण मी तो तिसऱ्या नंबराचा मानते.

काका : आणि ‘मदर लव्ह’?

सई : तुम्हीच सांगा.

काका : त्याने १९९१ च्या मे महिन्यात गायलेलं शेवटचं. शेवटचं कडवं राहिलं, ते मेने म्हटलं. त्याला मी क्रम देत नाही. ते वेगळं ठेव.

दोघांच्या याद्या माझ्याकडे आहेत. त्या जुळत नाहीत, आणि जुळवण्याचा मी प्रयत्नही केला नाही. पण वही मिटताना माझं मत पक्कं झालं. काकांची कसोटी रेकॉर्डची, सईची स्टेजची, आणि क्वीनच्या बाबतीत दोन्ही खऱ्या आहेत, कारण स्टुडिओत महिना महिना खपणारी हीच माणसं मैदानावर लाखभर लोकांना गायला लावत होती. पहिलं गाणं दोन्हीकडे पहिल्या प्रतीचं असायला हवं. ‘बोहेमियन रॅप्सडी’ टेपवर अजोड आहे, स्टेजवर अर्धं. ‘वी विल रॉक यू’ मैदानावर अजोड, घरात त्याचा जोर ओसरतो. ‘द शो मस्ट गो ऑन’ला मर्क्युरीबरोबरचा रंगमंच मिळालाच नाही. दोन्हीकडे पुरून उरतं ते ‘समबडी टू लव्ह’.

म्हणून माझा क्रम असा : ‘समबडी टू लव्ह’, ‘बोहेमियन रॅप्सडी’, ‘द शो मस्ट गो ऑन’, स्टेजवरचं ‘लव्ह ऑफ माय लाइफ’, ‘३९’, ‘वी विल रॉक यू’, ‘अंडर प्रेशर’, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’, ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ आणि दहावं ‘रेडिओ गा गा’. काकांना यातला पहिला नंबर मान्य नाही. तुम्हालाही नसेल तर जरूर वेगळा लावा, पण त्याआधी १९७६ च्या रेकॉर्डवरचं आणि १९८१ च्या मॉन्ट्रियलचं ‘समबडी टू लव्ह’ लागोपाठ ऐका.